चिरकलेला सूर

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. त्यात तू ‘केपॉप डेमन हंटर्स’ ह्या चित्रपटाच्या गाण्यांच्या अल्बमचा एका वाक्यात निकाल लावला आहेस. ‘गोल्डन’ हे गाणे भाचीच्या फोनवर दिवसातून दहा वेळा कानावर पडते, ते नेटके बांधलेले आहे, गळा तयारीचा आहे, पण आत काही नाही, असे तू लिहितेस. सुरुवातीला माझेही मत ह्याहून फारसे वेगळे नव्हते. मात्र गेल्या दोन महिन्यांत मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला, चित्रपट तीनदा पाहिला, आणि आता तुझ्याशी वाद घातल्याशिवाय मला राहवत नाही. तू ऐकण्यात चुकलीस असे मी म्हणणार नाही, कारण तुझा कान चुकत नाही हे मी कॉलेजपासून पाहत आले आहे. तू गाणी ऐकलीस आणि चित्रपट पाहिला नाहीस, एवढेच. आणि ह्या अल्बमच्या बाबतीत नेमके तेवढ्यानेच सगळे हातातून निसटते.

आधी कथा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. सोनी पिक्चर्स अ‍ॅनिमेशनने केलेला हा चित्रपट २० जून २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शन मॅगी कँग आणि क्रिस अ‍ॅपलहान्स ह्यांचे आहे. रूमी, मीरा आणि झोई ह्या तिघींचा ‘हंट्रिक्स’ नावाचा कोरियन पॉप गट आहे. त्या रंगमंचावर गातात आणि त्याच वेळी माणसांचे आत्मे खाणाऱ्या राक्षसांशी लढतात. त्यांच्या गाण्याने आणि श्रोत्यांच्या त्या गाण्याशी जडलेल्या नात्याने ‘होनमून’ नावाचे एक अदृश्य कवच विणले जाते, आणि ते कवच माणसांच्या जगाला राखते. पिढ्यान्‌पिढ्या तीन-तीन गायिका हे काम करत आल्या आहेत. राक्षसांचा राजा ग्वी-मा ह्यावर उपाय म्हणून पाच देखण्या राक्षस-मुलांचा एक गट पाठवतो, ‘साजा बॉइज’. कोरियन भाषेत ‘साजा’ म्हणजे सिंह, पण मेलेल्यांना न्यायला येणाऱ्या यमदूताच्या नावातही हाच शब्द आहे, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांना सिंह दिसतो आणि आपल्याला यमदूत.

आता ह्या रचनेतली अडचण बघ. कथेनुसार हंट्रिक्सची गाणी साऱ्या जगाला वेड लावणारी असली पाहिजेत, कारण त्या वेडावरच कवच टिकते. एखाद्या कादंबरीत ‘तिने अप्रतिम गायले’ असे लिहून पुढे जाता येते. इथे ते गाणे प्रेक्षकाला प्रत्यक्ष ऐकवावे लागते, आणि ते साधारण निघाले तर पडद्यावरची नाचणारी गर्दी खोटी ठरते व तिच्याबरोबर सगळी कथाही कोसळते. म्हणून निर्मात्यांनी खऱ्या पॉप उद्योगातली माणसे बोलावली. ब्लॅकपिंक ह्या कोरियन पॉप गटाचा आवाज घडवणारे टेडी पार्क आणि त्यांच्या संस्थेतले संगीतकार त्यांत होते. त्यांच्या जोडीला रंगभूमीवरच्या संगीतिकांमध्ये मुरलेले इयन आयझेन्ड्राथ आणि गीतकार मार्क सोनेनब्लिक होते. एका बाजूला गाणे तीन मिनिटांत ओठांवर कसे बसवायचे हे जाणणारे लोक, दुसऱ्या बाजूला गाणे संपताना पात्र पहिल्या जागी राहता कामा नये असा आग्रह धरणारे. ही दोन घराणी सहसा एका खोलीत बसत नाहीत.

अ‍ॅनिमेशनपटांमध्ये आतापर्यंत ह्या दोन घराण्यांसाठी दोन वेगळी दालने होती. १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये शीर्षकगीत चित्रपटात अँजेला लॅन्सबरी गाते, एका चहाच्या किटलीच्या पात्रासाठी, थकल्या-भागल्या मायाळू आवाजात, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत तेच गाणे सेलीन डिऑन आणि पीबो ब्रायसन रेडिओसाठी झळाळून गातात. ‘अलादीन’च्या ‘अ होल न्यू वर्ल्ड’चे १९९३ साली अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले रूप हे असेच पीबो ब्रायसन आणि रेजिना बेल ह्यांचे होते. चित्रपटात ते दुसऱ्याच गायकांनी गायले आहे. ‘द लायन किंग’च्या शेवटी एल्टन जॉन स्वतः येतो. म्हणजे कथेतले गाणे एक आणि बाजारातले गाणे दुसरे. तुला-मला लहानपणी ह्या दुसऱ्या रूपांचा किती राग यायचा, आठवते? गाणे तेच असायचे, पण पात्र निघून गेलेले असायचे.

ह्या अल्बममध्ये ती भिंत पाडलेली आहे. पात्रेच पेशाने पॉप गायिका असल्यामुळे त्यांनी चित्रपटात गायलेले गाणे हेच त्यांचे प्रसिद्ध झालेले गाणे, आणि तेच तुझ्या भाचीच्या फोनवर वाजते. जुन्या रीतीची एक खूण मात्र राहिली आहे: अल्बमचा पहिलाच ट्रॅक ‘टेकडाउन’ हा खऱ्या जगातल्या ‘ट्वाइस’ गटाच्या तिघीजणी, जोंगयोन, जिह्यो आणि चेयंग, ह्यांनी गायलेला आहे आणि तो चित्रपटाच्या शेवटी वाजतो. तेच गाणे सहाव्या क्रमांकावर हंट्रिक्सच्या आवाजात पुन्हा येते. दोन्ही पाठोपाठ ऐकलीस तर मी काय म्हणते ते ध्यानात येईल. ट्वाइसचे गाणे रुबाबदार आहे आणि तिथेच थांबते, आणि हंट्रिक्सचे ऐकताना ह्या बाईला हे गाणे गायचे नाही असा संशय येत राहतो. तो संशय खरा आहे, त्याकडे येतेच.

गाणारी माणसे कोण, हे आधी सांगायला हवे, कारण ह्या बाबतीत तू नेहमी माझ्यापेक्षा जास्त हळवी असतेस. रूमी बोलते आर्डन चोच्या आवाजात आणि गाते ईजेच्या. मीराचे गाणे ऑड्री नूनाचे आहे आणि झोईचे रे आमीचे. साजा बॉइजचा म्होरक्या जीनू ह्याचे बोलणे आन ह्यो-सप ह्या अभिनेत्याचे आणि गाणे अँड्र्यू चोईचे. हे सरळ पार्श्वगायन आहे, पण इथे पार्श्वगायिकांची नावे लपवलेली नाहीत. गाण्याच्या श्रेयात हंट्रिक्सच्या शेजारी ह्या तिघींची नावे छापली जातात. १९६९ साली ‘शुगर, शुगर’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्या तबकडीवर ‘द आर्चीज’ ह्या कार्टून-गटाचे नाव होते, आणि ज्याच्या गळ्यातून ते आले त्या रॉन डान्टेला रस्त्यात कोणी ओळखत नव्हते. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत एवढे तरी घडले ह्याचे मला मनापासून बरे वाटते.

ईजेची हकीकत तुला ठाऊक नसेल. ती अकरा-बारा वर्षांची असल्यापासून कोरियातल्या एका मोठ्या संगीत कंपनीत शिकाऊ म्हणून राबत होती. सुमारे दहा वर्षे गेली आणि तिला रंगमंचावर आणलेच नाही. मग ती इतरांसाठी गाणी लिहू लागली; रेड व्हेल्व्हेट गटाचे २०१९ चे ‘सायको’ हे गाणे लिहिणाऱ्यांत ती होती. ह्या चित्रपटातही ती आली ती गीतकार म्हणून, पुढे दुसरी कोणी गाणार असे गृहीत धरून कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारी म्हणून. आणि मग तोच आवाज राहिला. ‘गोल्डन’ची चाल तिला दंतवैद्याकडे जाताना सुचली आणि तिने ती तिथल्या तिथे फोनमध्ये गुणगुणून ठेवली, असे तिने मुलाखतींत सांगितले आहे. अडचणीच्या जागी सुचलेल्या चालींवर तुझा विश्वास असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता ‘गोल्डन’. तू ते गळ्याच्या अंगाने ऐकलेस, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. त्याचा सर्वांत उंच सूर ए-५ आहे, म्हणजे वाद्ये जुळवायला वापरतात त्या ४४० हर्ट्झच्या ए-च्या बरोबर एक सप्तक वर, ८८० हर्ट्झ. कडवी खालच्या, बोलण्याजवळच्या पट्टीत चालतात आणि ध्रुवपदात चाल पायऱ्या गाळत वर उडी घेते. तुझ्या मते हा नुसता दिखावा आहे: जमते म्हणून केले. रंगभूमीवरच्या संगीतिकेत सुरुवातीच्या भागात एक गाणे असते, ज्यात नायिका आपल्याला काय हवे ते पहिल्यांदा उघड बोलते. ‘गोल्डन’ हे तसे गाणे आहे, फक्त त्याने पॉपचा वेष घेतला आहे. तिघी आळीपाळीने आपले पूर्वायुष्य सांगतात: रूमी एकाकी होती, झोई दोन जगांत दोन मुखवटे लावून जगली, मीराला घरी डोकेदुखी मानले गेले. मग तिघी मिळून म्हणतात की आता लपणे संपले, आता आम्ही उजळणार.

आणि हे म्हणणारी रूमी त्या क्षणी लपलेलीच आहे. तिचे वडील राक्षस होते. तिच्या अंगावर राक्षसांच्या खुणा आहेत, ती त्या लहानपणापासून कपड्यांखाली झाकत आली आहे, आणि ज्या दोघींबरोबर ती हे गाणे गाते त्यांनाही तिने सांगितलेले नाही. कवच एकदा सोन्याचे झाले की राक्षस कायमचे बंद होतील आणि आपल्या खुणाही पुसल्या जातील, अशी तिची आशा आहे. ‘गोल्डन’ हा शब्द तिच्यासाठी विजयाचा नाही, औषधाचा आहे. ज्या गाण्यात ती लपणे सोडल्याचे सांगते, तेच गाणे तिच्या लपण्याची सर्वांत मोठी योजना आहे. म्हणून तो सूर इतका उंच आहे: तिला जिथे पोहोचायचे आहे ती जागा तिच्या आवाक्याच्या किंचित पलीकडे ठेवलेली आहे.

चित्रपटात ह्या गाण्याच्या पहिल्या मोठ्या सादरीकरणाची तालीम चालू असते. त्या सुरावर रूमीचा आवाज चिरकतो. खुणा पसरत पसरत तिच्या गळ्यापर्यंत आलेल्या असतात. ती पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा तेच. बाकीच्या दोघी तिला विश्रांती घ्यायला सांगतात, वैद्याकडे नेतात, काढा पाजतात, आणि ती सगळ्यांकडे बघून हसते आणि काही झाले नाही असे म्हणते. वसुधा, मी त्या जागी चित्रपट थांबवला. मला तुझी ती संध्याकाळ आठवली, तार सप्तकातल्या त्या एका जागेवर तुझा आवाज गेला, तू तंबोऱ्याकडे वळून हसलीस आणि पुढची जागा मध्य सप्तकात घेऊन सावरलीस. श्रोत्यांतल्या बहुतेकांना कळलेही नाही. नंतर तू मलाही घसा बसला आहे एवढेच सांगितलेस. स्वरतंतूंना सूज आहे हे मला चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळले. ह्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. पण एका रंगीत चित्रपटातली काढलेली मुलगी तेच हसू हसली, आणि ते काढणाऱ्या माणसांनी ते हसू कुठेतरी पाहिलेले असणार ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मूळ बारा ट्रॅकच्या अल्बममध्ये हे चिरकणे कुठेच नाही. तिथे ‘गोल्डन’ पूर्ण आहे, लखलखीत आहे, एकही सूर हललेला नाही. रूमीला जगासमोर जे ठेवायचे होते तेच अल्बम आपल्यासमोर ठेवतो, आणि आपण तिच्या चाहत्यांसारखे ते खरे मानतो. तुला ते आतून पोकळ वाटले, ह्याचा मला आता उलट आनंद होतो. गाणाऱ्या पात्राने काहीतरी दाबून धरले आहे, हे चित्रपट न पाहता तुझ्या कानाला कळले.

‘टेकडाउन’ ह्याच धाग्याचे पुढचे टोक आहे. ते साजा बॉइजना खाली खेचण्यासाठी लिहिलेले द्वेषगीत. मीरा आणि झोई उत्साहाने राक्षसांच्या खुणांबद्दल एकेक कठोर ओळ जोडत जातात आणि रूमीला ती प्रत्येक ओळ स्वतःवर झेलावी लागते. ह्या ओळी बदलूया, असे ती सुचवत राहते, पण का ते सांगू शकत नाही. आणि मग पुरस्कार सोहळ्यात दोन राक्षस तिच्या मैत्रिणींचे रूप घेऊन भर रंगमंचावर हेच गाणे तिच्या तोंडावर गातात व तिच्या खुणा सगळ्यांसमोर उघड्या पाडतात. तेव्हापासून मी ते गाणे नुसते तालासाठी ऐकू शकलेले नाही.

साजा बॉइजची दोन गाणी वेगवेगळी ऐकू नकोस. ‘सोडा पॉप’ पहिल्यांदा ऐकताना निव्वळ गोड, बुडबुड्यांचे वाटते. त्यात गाणारा आपल्या लाडकीला पेय म्हणतो आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिण्याची भाषा करतो. पॉपमध्ये असे बोलणे इतके रुळलेले आहे की आपण मान डोलवतो. नंतर उमगते की गाणारे आत्मे पिणारे आहेत आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सगळे स्पष्ट सांगितले होते. ‘युअर आयडॉल’मध्ये मग काहीही झाकायचे उरत नाही. लॅटिन समूहगान, मृतांसाठीच्या प्रार्थनेतल्या ‘डीएस इरे’ ह्या शब्दांची आठवण करून देणारे, आणि त्याखाली जड, सावकाश ठोका. ‘आयडॉल’ ह्या शब्दाचे पॉप तारा आणि पूजेची मूर्ती हे दोन्ही अर्थ तिथे एकत्र येतात. निर्मितीच्या दृष्टीने मला हे अल्बममधले सर्वांत घट्ट गाणे वाटते, आणि जीनूसाठी अँड्र्यू चोईचा आवाज तिथे रेशमासारखा आणि तितकाच निर्दय आहे.

सगळेच एका तोलाचे नाही, हे मान्य करते. ‘फ्री’ हे रूमी आणि जीनूचे युगुलगीत मला कमी पडते. दोघेही लाज बाळगून जगलेले जीव, पण गाणे त्यांच्या बाबतीत नेमके काहीच बोलत नाही, कोणत्याही दोघांना चालेल असे आहे. ‘स्ट्रॅटेजी’ हे ट्वाइसचे २०२४ मधले गाणे ‘गोल्डन’ आणि ‘टेकडाउन’ ह्यांच्या मध्ये ठेवल्याने ओघ तुटतो. मार्सेलो झार्व्होस ह्यांच्या पार्श्वसंगीताला शेवटी एकच ट्रॅक दिला आहे, तो तोकडा आहे. मेलोमान्स ह्या कोरियन जोडीचे जुने प्रेमगीत मात्र मला आवडले; ते २०२२ च्या एका कोरियन मालिकेतले आहे, ज्या मालिकेचा नायक तोच आन ह्यो-सप होता, आणि इथे रूमी व जीनू पहिल्यांदा एकमेकांवर आदळतात तेव्हा ते वाजते. ठाऊक असणाऱ्यांना गोड वाटेल अशी गंमत आहे.

लोकप्रियतेचे आकडे तुला रुचत नाहीत, तरी दोन सांगते, कारण ते माझ्या मुद्द्याचे आहेत. अल्बम ‘बिलबोर्ड २००’ ह्या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत आठव्या क्रमांकाने आला आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचायला सप्टेंबर उजाडला, म्हणजे लोक एकदा ऐकून थांबले नाहीत, चित्रपट पाहून पुन्हा गाण्यांकडे आले. आणि उन्हाळ्याच्या शेवटी ह्या एका अल्बमची चार गाणी, ‘गोल्डन’, ‘युअर आयडॉल’, ‘सोडा पॉप’ आणि ‘हाऊ इट्स डन’, अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत एकाच वेळी होती. चित्रपटसंगीताच्या कोणत्याही अल्बमला त्याआधी हे साधले नव्हते. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या ‘द टुनाइट शो’त ईजे, ऑड्री नूना आणि रे आमी ह्यांनी ‘गोल्डन’ प्रत्यक्ष गायले. ते मी तुझ्यासाठीच शोधून पाहिले. त्या उंच जागेच्या आधी ईजे श्वास कुठे घेते, ते तू बघ. मला दिसले, पण त्याला काय म्हणतात ते तू सांगशील.

आता नववा ट्रॅक, ‘व्हॉट इट साउंड्स लाइक’. त्यासाठीच हे पत्र लांबले आहे. सगळे उघडे पडल्यावर, कवच फाटल्यावर, मैत्रिणी दुरावल्यावर रूमी एकटी परत येते आणि गाऊ लागते. सुरुवातीला साथ जवळजवळ नाहीच. आवाज खालच्या पट्टीत आहे, थोडा खरखरीत, आणि तो खरखरीतपणा पुसून टाकलेला नाही. ती फुटलेल्या काचेबद्दल, तिच्या धारदार कडांबद्दल, आपण खोटे का बोललो ह्याबद्दल गाते. मग मीराचा आवाज येतो, मग झोईचा, आणि तिघींचे सूर एकमेकांत विरघळत नाहीत, वेगवेगळे ओळखू येत राहतात. ‘गोल्डन’मध्ये तिघी मिळून एकच झळाळी होती, इथे तीन पोत आहेत. चित्रपटात ह्या गाण्याने नवे कवच तयार होते, आणि ते सोन्याचे नसते, अनेक रंगांचे असते. इथेही उंच सूर येतात, पण त्यांच्याकडे जाणारी वाट चढणीची नाही. ज्या आवाजात ती बोलते, त्याच आवाजातून ती तिथे जाते.

तू पूर्ववत गाऊ शकशील की नाही, हे मला सांगता येत नाही आणि त्यासाठी हे गाणे पाठवतही नाही. गेली दोन वर्षे आपण संगीताबद्दल लिहिताना त्या संध्याकाळच्या कडेकडेने जातो, आणि मला आता तसे जायचे नाही, म्हणून हे सरळ लिहिले. शिवाय माझ्यापुढे एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुझ्याइतके नेमके मला दुसरे कोणी देणार नाही. ह्या नवव्या ट्रॅकच्या सुरुवातीला ईजेने आवाज मुद्दाम खरखरीत ठेवला आहे, की तिने तो नुसता सोडून दिला आहे आणि तो तसाच आहे? मी हेडफोन लावून वीसदा ऐकले, मला ठरवता आलेले नाही.

आधी चित्रपट बघ, भाचीला सोबत घेऊन. मग अल्बम लाव आणि ‘स्ट्रॅटेजी’ वगळ. नवव्या ट्रॅकला पोहोचलीस की मला लिही, रात्र झाली असली तरी फोन केलास तरी चालेल.

तुझीच,
मृणाल